मलकपेठेतली जुनी गाडी

आतोबा गेल्याला दीड वर्ष झाले आणि एके सकाळी आत्याचा फोन आला. "गाडी विकायची म्हणते. तू ये रे दोन दिवस. मी एकटी बाई बघून हे लोक भाव पाडतात."

माझी आत्या हैदराबादला असते, मलकपेठेत. म्हापशाची मुलगी लग्न होऊन तिकडे गेली, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. आतोबा मूळचे नांदेडचे, नोकरी रेल्वेत. आम्हा गोवेकरांना हैदराबाद म्हटले की चारमिनार आणि बिर्याणी एवढेच आठवते. पण १९५६ सालापर्यंत अख्खा मराठवाडा ह्या शहराच्या कारभाराखाली होता, आणि त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही आहेत. आत्याची मराठी ऐकावी! अर्धी म्हापशाची, अर्धी नांदेडची, आणि वरून दखनीची फोडणी.

तर २०२२ च्या डिसेंबरात मी मलकपेठेला गेलो. गाडी वॅगन आर, २०१४ सालची, पेट्रोलवरची, टीएस ११ नंबरची. हा ११ आकडा हैदराबाद पूर्व विभागाचा, आणि त्याचे आरटीओ मलकपेठेतच. म्हणजे गाडीची नोंदणी मलकपेठेतली, मालक मलकपेठेतले, आणि विकायचीही तिथेच. मला वाटले, दोन दिवसांचे काम. लागले आठ दिवस. त्या आठ दिवसांत जुन्या गाड्यांच्या दलालांकडे, मिस्त्रींकडे आणि आरटीओबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटांकडे इतकी पायपीट झाली की गाडीची किंमत म्हणजे नेमके काय, ह्या प्रश्नाने डोक्यात घर केले. गोव्याला परतल्यावर जमेल तसे वाचले. त्यातले थोडे इथे मांडतो.

कागदावरची किंमत सोपी असते. विमा कंपन्यांकडे त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत किमतीतून ५ टक्के वजा, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. सहा लाखांची गाडी पाचव्या वर्षी विम्याच्या कागदावर तीन लाखांची. त्याच्यापुढे तक्ता संपतो. मग कंपनी आणि मालक ह्यांनी आपसात ठरवायचे. ह्या तक्त्याला सगळ्या गाड्या सारख्या. कोणत्या कंपनीची, कोणी चालवली, कशी राखली, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

बाजाराला मात्र ह्याच गोष्टींशी कर्तव्य. पहिल्या दलालाने बॉनेट उघडलेच नाही. त्याने विचारले, किती हात फिरलेत? एकच मालक म्हटल्यावर मान डोलावली. रंग पांढरा म्हटल्यावर पुन्हा डोलावली. पेट्रोल म्हटल्यावर तिसऱ्यांदा. मग दरवाजा उघडून पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि त्याच्या टोकाकडे निरखून पाहिले. मागे जाऊन स्टेपनीखालच्या खळग्यातून बोट फिरवले. बोटावर पिठासारखी बारीक, सुकलेली माती. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पानी में गई थी ना साब?"

गेली होती. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादवर जो पाऊस कोसळला, त्यात मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला. हा पूल आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गल्ल्यांतून गाड्या वाहत जातानाची दृश्ये तेव्हा आपण गोव्यात बसून टीव्हीवर पाहिली. आतोबांची गाडी वाहिली नाही, पण पाणी सीटपर्यंत चढले. शेजाऱ्याने पाणी ओसरताच घाईने गाडी सुरू करून पाहिली. इंजिनात पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला की पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान विम्याच्या साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. आतोबा रेल्वेचे मनुष्य. त्यांनी चावीला हात लावला नाही, बॅटरी सोडवली आणि गाडी ओढून वर्कशॉपात नेली. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला असता तर कंपनीने गाडी निकालात काढली असती. तेवढा तो गेला नाही. सीटा, गालिचा, थोडे वायरिंग बदलले आणि गाडी घरी आली. पुढे आतोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तिच्यातूनच झाल्या.

दलाल काही वाईट मनुष्य नव्हता. त्याने सरळ सांगितले की असेच विकले तर एक लाख ऐंशी. पण पुन्हा एकदा आतून नीट धुऊन, पट्टे बदलून, वास घालवून, पाण्याची गोष्ट न काढता विकली तर दोन लाख चाळीस कुठे गेले नाहीत. "नक्को बोलो अम्मा, पानी का बात नक्को निकालो," तो आत्याला म्हणाला. "सच बोले तो साठ हजार का नुस्कान." आत्या काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

साठ हजार रुपये. विधवेच्या पेन्शनीत ही रक्कम लहान नव्हे. मी स्वतः काय म्हणालो, ते पुढे सांगेन.

त्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी मलकपेठेच्या रेसकोर्सकडे गेलो. हे रेसकोर्स जुने आहे. पूर्वी शर्यती मौला अलीला होत. १८८६ साली सहावे निझाम मीर महबूब अली खान ह्यांनी त्या मलकपेठेत आणल्या. घोड्यांच्या बाजारात आणि गाड्यांच्या बाजारात भाषा थेट तीच आहे, हे तिथल्या कुंपणाशी उभे असताना ध्यानात आले. वय किती, आधी कोणाकडे होता, पायात दोष आहे काय? आणि घोडा विकणाऱ्याने दोष लपवावा आणि घेणाऱ्याने दात पाहून वय ओळखावे, ही रीतही जुनीच. मीटर मागे फिरवणारे आज आहेत, तसे दात घासून घोड्याचे वय लपवणारे तेव्हा असत.

ह्याच महबूब अलींच्या काळात, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावून पूर आवरण्याची योजना झाली आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. आणि ह्याच महबूब अलींनी अखेरच्या दिवसांत एक मोटारगाडी मागवली. रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट, पिवळ्या रंगाची, मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली. गाडी येण्याआधीच, १९११ च्या ऑगस्टमध्ये, महबूब अली वारले. गाडी मिळाली त्यांच्या मुलाला, सातव्या निझामांना. आज ती चौमहल्ला राजवाड्यात ठेवली आहे. शंभराहून अधिक वर्षांत ती जेमतेम साडेतीनशे मैल धावली, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी ती पाहायला गेलो. तिची किंमत किती, असे मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारले. तो हसला. खरेच आहे, जी गाडी विकायचीच नाही आणि जिच्यासारखी दुसरी नाही, तिला भाव कसला? पण एक गोष्ट मनात आली. ह्या गाडीने किंमत राखली ती कोणाला कुठे न नेता. आतोबांची गाडी आठ वर्षे धावली, बुडाली, पुन्हा धावली, आणि तिची किंमत दरवर्षी उतरत गेली.

इथे मला आमचा गोवा आठवला, आणि त्याला कारण आहे. निझामाच्या राज्याचे स्वतःचे चलन होते, स्वतःची रेल्वे होती, स्वतःची करोडगिरी म्हणजे जकात होती. गोव्याचेही तसेच. दोन्हीकडे हद्द ओलांडली की वस्तूची किंमत बदलत असे. पोर्तुगीज अमदानीत १९५०च्या दशकात खनिजाच्या निर्यातीने गोव्यात पैसा खेळू लागला आणि युरोपातला माल बंदरात उतरू लागला. भारतात परदेशी गाडी आयात करणे जवळजवळ अशक्य झालेले असताना गोव्यातल्या खाणवाल्यांकडे, भाटकारांकडे, अगदी टॅक्सीवाल्यांकडेही मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवागन अशा गाड्या होत्या. माझ्या लहानपणी, सत्तरच्या आसपास, मर्सिडीझमधून भाड्याने जाणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. मुंबईहून आलेले पाहुणे मात्र त्या टॅक्सीसमोर उभे राहून फोटो काढीत.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि त्या गाड्यांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली. नव्या गाड्या येणे थांबले, म्हणून जुन्यांना मोल चढले. पण सुटे भाग येणेही थांबले, म्हणून त्याच गाड्या सांभाळणे जड झाले. म्हणजे एकाच कारणाने किंमत वरही ओढली आणि खालीही. त्यातून कोणती गाडी तरली? जिच्यासाठी मिस्त्री काहीतरी जुळवू शकत होता, ती. गोव्यातल्या मिस्त्रींनी लेथवर भाग कातून, एका गाडीचे दुसरीला लावून ह्या गाड्या चालत्या ठेवल्या. पुढे पुण्याच्या बजाज टेंपोने मर्सिडीझच्या परवान्याने डिझेल इंजिन बनवायला घेतले, आणि टेंपो ट्रॅक्समधले ते इंजिन म्हाताऱ्या मर्सिडीझच्या पोटात बसू लागले. लेकीचे काळीज आईला बसवावे, तसा हा प्रकार! ज्या गाड्यांना असा आधार मिळाला नाही, त्या माडाखाली गंजत पडल्या. कोंबड्या त्यांच्यात अंडी घालीत.

उरलेल्या भारतात तेव्हा वेगळाच खेळ चालला होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की नुसते परदेशी भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना इथे जागा नाही. भाग इथे बनवा नाहीतर जा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. उरल्या मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. ही प्रीमियर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली. तिची फियाट पुढे पद्मिनी नावाने घराघरांत पोचली. गाड्या थोड्या, घेणारे फार. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे. १९५९ साली गाड्यांच्या वाटपावर नियंत्रण आले, मग सरकारने किमतीही बांधून दिल्या. त्या बांधणीवरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७१ साली त्याचा निकाल लागला. पण बाजाराने निकालाची वाट पाहिली नव्हती. रांग न लावता आज, आत्ता मिळणारी जुनी फियाट ही रांगेतल्या नव्या फियाटपेक्षा महाग विकली जाई! मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या शाळेच्या वेळी हाती येई आणि शोरूमच्या दारातच जास्त भावाने विकता येई. दिल्लीतल्या वकिलातींनी वापरून सोडलेल्या परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्यांना श्रीमंतांची झुंबड उडे.

त्या काळात किंमत राखून असलेली गाडी चांगली होती म्हणून राखत होती काय? मुळीच नाही. ॲम्बॅसॅडरचे दार जोरात ओढल्याशिवाय लागत नसे, पद्मिनीचा गिअर हाताला घट्टे पाडी. पण दुसरी मिळत नव्हती. टंचाई हाच त्यांचा गुण.

१९८३ च्या १४ डिसेंबरला मारुती ८०० आली. पहिली गाडी हरपाल सिंग नावाच्या दिल्लीच्या गृहस्थांना इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाली. किंमत होती पन्नास हजारांच्या आतबाहेर. सुरुवातीला तिलाही रांग लागली. पण १९९३ साली मोटारगाड्यांवरचा परवाना उठला, कंपन्या आल्या आणि रांग हळूहळू ओसरली. तेव्हापासून जुनी गाडी नव्या गाडीहून महाग असण्याचे दिवस संपले. आणि गंमत अशी, की रांग गेली तरी मारुतीच्या जुन्या गाडीचा भाव टिकला. आता त्याचे कारण टंचाई नव्हे, मुबलकता. काणकोणपासून पेडण्यापर्यंत कुठेही बंद पडली तरी तिचा भाग जवळच्या दुकानात मिळणार आणि तिला हात लावणारा मिस्त्री झाडाखाली सापडणार. टॅक्सीवाल्यांनी इनोव्हा उचलून धरली तीही ह्याच हिशेबाने: लाखो किलोमीटर पळते, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक दारात उभे असते. ह्याच्या उलट, मोठ्या दिमाखाच्या महागड्या गाड्या. पहिला मालक हौस भागवून घेतो, दुसऱ्याला सर्व्हिसिंगच्या बिलाची भीती वाटते, आणि त्या भीतीपायी भाव धाडकन खाली येतो.

कंपनी देश सोडून गेली तर विचारायलाच नको. २०१७ साली जनरल मोटर्सने इथली विक्री बंद केली, २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने इथले कारखाने बंद करण्याची घोषणा केली. ज्यांच्या दारात त्यांच्या गाड्या होत्या, त्यांच्या गाडीत त्या दिवशी काहीही बिघडले नव्हते. तेच इंजिन, तीच चाके. तरी दलालाने दुसऱ्या दिवशी भाव कमी सांगितला.

कायद्याचेही तसेच. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश हरित लवादाने दिले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते उचलून धरले, आणि तिथल्या धडधाकट डिझेल गाड्या मातीमोल होऊन दुसऱ्या राज्यांकडे निघाल्या. अगदी अलीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली, तशी ज्यांनी जुनी विकायला काढली होती त्यांची किंमतही उतरली. त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते?

म्हणजे पाहा, गाडीची किंमत गाडीत फार थोडी असते. ती असते जकातीत, रांगेत, मिस्त्रीच्या हातात, सुट्या भागांच्या दुकानात, न्यायालयाच्या आदेशात. मालकाच्या हाती जवळजवळ काहीच नाही. उरतात दोनच गोष्टी: त्याने ती कशी राखली, आणि विकताना तो खरे बोलला की नाही.

आता मी काय म्हणालो ते सांगतो. मी आत्याला म्हणालो, "दलाल म्हणतो तसे करूया. गाडी तर नीट चालते आहे." हे लिहिताना मला लाज वाटते, पण म्हणालो खरा. त्याआधी मी गाडी गोव्यालाच न्यावी असाही विचार केला होता. पण मलकपेठच्या आरटीओची एनओसी, गोव्यात पुन्हा भरायचा रोड टॅक्स, नवी नोंदणी, हा हिशेब केल्यावर तो विचार तिथेच सोडला.

आत्या आतल्या खोलीत गेली आणि एक निळी फाइल घेऊन आली. आतोबांची फाइल. २०१४ च्या पावतीपासून प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल, प्रत्येक टायर बदलल्याची तारीख, आणि मध्यभागी पुरानंतरच्या दुरुस्तीची आठ पाने: काय बदलले, काय नुसते धुऊन सुकवले, विम्याने किती दिले. समासात आतोबांच्या अक्षरात टिपणे.

"ही फाइल द्यायची तर पाणी लपवता येत नाही," आत्या म्हणाली. "आणि पाणी लपवायचं तर फाइल फाडावी लागेल. ती मी फाडणार नाही."

मी गप्प झालो.

आठव्या दिवशी गिऱ्हाईक आले, दलालामार्फत नव्हे, आत्याच्या शेजारणीच्या ओळखीने. दिलसुखनगरचा तरुण, इलेक्ट्रिकल दुकानात कामाला, घरी आजारी आई. आत्याने आधी फाइल पुढे केली, मग चहा दिला. त्याने तासभर बसून पान न्‌ पान वाचले, आपल्या मिस्त्रीला बोलावून वायरिंग दाखवले आणि दोन लाख पाच हजार देऊ केले. दलालाच्या खऱ्या भावाहून पंचवीस हजार जास्त, खोट्या भावाहून पस्तीस हजार कमी. आत्याने हो म्हटले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि दुसऱ्या सकाळी मलकपेठच्या आरटीओत कागद दाखल झाले. परतताना रिक्षात आत्या एवढेच म्हणाली, "यांना रिक्षा आवडत नसे."

त्या तरुणाचा दर दिवाळीला आत्याला फोन येतो. गेल्या दिवाळीला त्याने सांगितले, गाडी चालते आहे, आणि त्याने फाइलमध्ये आपली बिले लावायला सुरुवात केली आहे.